मुकी परीक्षा

दोन्ही हात पाठीमागे धरून जंत्री फळ्याशेजारी उभा होता आणि समोर त्याच्याच वहीच्या आधारानं त्याचाच घात चालला होता. संगणकासमोर बसलेली बाई ती वही मांडीवर घेऊन एकेक ओळ बोट ठेवून वाचत होती आणि वाचेल तसं करत होती. आठ पायऱ्या झाल्या. नववी पायरी होती, ‘बॅकअप परत चढवावा.’ कुठं चढवावा ते वहीत नव्हतं. जंत्रीच्या डोक्यात मात्र ते लख्ख होतं: सरावासाठी केलेल्या रिकाम्या प्रतीवर. एवढंही न कळायला समोरचा काय कुक्कुलं बाळ आहे, असं त्याला लिहिताना वाटलं होतं. बाईनं पडद्यावरची दोन नावं पाहिली, एक जांभई दिली आणि त्यातलं चालू डेटाबेसचं नाव निवडलं.

“अहो, त्यावर नको!” जंत्री ओरडला.

वर्ग हसला. सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

“काका, बोललात. नापास.”

“अहो सर, पण सगळी माहिती पुसली गेली असती!”

“जाऊ द्यायची. तुमच्या वहीत नव्हतं म्हणून गेली असती.” सर त्याच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी लहान होते, पण फळ्यापुढं उभा राहिला की कोणीही वडीलधारा होतो. “उद्या तुम्ही ऑफिसला आला नाहीत, फोन बंद आहे, तेव्हा काय खिडकीतून ओरडणार आहात? जे डोक्यात आहे ते नाही, जे कागदावर आहे ते खरं. पुढच्या तुकडीत पुन्हा बसा.”

नोकरी करणाऱ्यांसाठी चालवलेला हा संध्याकाळचा वर्ग होता. डेटाबेस सांभाळायला शिकायचं, म्हणजे कंपनीची सगळी माहिती जिथं साठवलेली असते त्या कोठाराची राखण करायची: रोज तिची प्रत काढायची, बिघडलं तर परत उभं करायचं, कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर ठेवायचं ते बघायचं. वर्ग भरायचा एका प्राथमिक शाळेत. दिवसा तिथं पोरं बसायची आणि संध्याकाळी साडेसहाला त्याच बुटक्या बाकांवर पन्नाशीला आलेली माणसं गुडघे आपटत बसायची. फळ्याच्या कोपऱ्यात सातचा पाढा असायचा आणि तो पुसू नये अशी पाटी होती. कोणी बँकेत होतं, कोणी कारखान्यात हजेरी घेत होतं, कोणी पोस्टात. सगळ्यांच्या पायाशी दिवसभराचे रिकामे डबे. आणि शेवटची परीक्षा ही, जिला सगळे मुकी परीक्षा म्हणत. आपण लिहिलेली वही दुसऱ्यानं वाचून काम करायचं आणि लिहिणाऱ्यानं हात मागं धरून गप्प उभं राहायचं. तोंडातून शब्द निघाला की संपलं.

वही वाचणारी बाई बाकावर त्याच्या शेजारी बसायची. ती एका एजन्सीत कंत्राटी कामगार होती. एजन्सी पाठवेल त्या ऑफिसात जायचं, तिथले संगणक बघायचे, करार संपला की दुसरीकडं. दिवसभर उभ्या-उभ्या कामं करून ती वर्गात यायची आणि पहिल्या अर्ध्या तासात तिची मान खाली जायची. वर्गानं तिचं नाव डुलकी ठेवलं होतं. तीही त्या नावाला ओ द्यायची. सरांची नजर वळली की जंत्री कोपरानं तिला हळूच ढोसायचा.

“दादा, सॉरी हं,” बाहेर पडताना ती म्हणाली. “माझ्यामुळं तुमचे तीन महिने गेले.”

“तुमच्यामुळं नाही हो, ताई. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, हा आमचा जन्माचा दोष.”

हे मात्र खरं नव्हतं. जन्मभर त्यानं उलटंच केलं होतं.

चोवीस वर्षं जंत्री एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत रेकॉर्ड सांभाळत होता. शहरभरच्या इमारतींतल्या लिफ्ट, प्रत्येकीची फाइल, प्रत्येक फाइलीत तिची कुंडली: दोर कधी बदलला, मोटार कुठली, दार कोणत्या बाजूला उघडतं. पण फाइल काढायची वेळच यायची नाही. मेकॅनिकनं फोन करून इमारतीचं नाव घ्यायचा अवकाश, की जंत्री डोळे मिटून सांगायचा, “त्या बिल्डिंगीत लिफ्ट दोन, पण पाटीवर नंबर एकच. तुला डावीकडची हवी. जिन्यातला दिवा गेलेला असतो, बॅटरी ने.” म्हणून तर त्याचं नाव जंत्री पडलं. खरं नाव फक्त पगाराच्या पावतीवर उरलं होतं. तो रजेवर गेला की कंपनीचा अर्धा कारभार फोनवरून त्याच्या घरी चालायचा, आणि तापानं फणफणलेला असला तरी त्या फोनांनी त्याला बरं वाटायचं.

हे त्याला आईकडून आलं होतं. आई शिवणकाम करायची. कॉलर कापायची वेळ आली की ती खोलीचं दार आतून लावून घ्यायची, पोटच्या पोरालाही बघू द्यायची नाही. “झाकली मूठ सव्वा लाखाची,” म्हणायची. “हाताची कला दाखवली की हात रिकामे.” मोतीबिंदू झाला, सुईत दोरा ओवता येईना, तरी गिऱ्हाईक तिच्याच दारात उभं. गेली तेव्हा कॉलरसुद्धा तिच्याबरोबरच गेली.

मग कंपनीत संगणक आले. फाइलींतली सगळी माहिती डेटाबेसात भरली गेली, ती भरतानाही जंत्रीलाच शेजारी बसवून विचारून घेतलं. भरून झाल्यावर मॅनेजरसाहेबांनी त्याला बोलावलं.

“जंत्री, आता रेकॉर्ड खातं काही राहणार नाही. पण डेटाबेस बघायला माणूस लागेल. बाहेरचा कशाला आणू? तुम्ही कोर्स करा, पास व्हा. फी कंपनी भरेल. त्या खोलीतली खुर्ची तुमची.”

“आणि नाही जमलं तर, साहेब?”

साहेबांनी चष्मा पुसला. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाला एवढ्यावर कळतं.

त्याची बायको एका दवाखान्यात सकाळपाळीची नर्स होती. पहाटे जायची आणि रात्री नवाच्या ठोक्याला झोपायची. दोघांना मिळून एवढी संध्याकाळच होती, तीही वर्गानं खाल्ली. आठवड्यातले चार दिवस तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली असायची आणि ओट्यावर चिठ्ठी असायची. ‘भाजी मोठ्या पातेल्यात. दूध तापवून ठेवणे. धाकटीनं फोनवर तुमची वाट बघितली, तुम्ही नव्हतात.’ धाकटी, म्हणजे त्यांची मुलगी, दुसऱ्या गावी शिकत होती. तोही खाली लिहायचा, ‘दूध तापवले. उद्या उशीर.’ सात महिने हा संसार असा चिठ्ठ्यांवर चालला होता. आता नापास झाल्यामुळं आणखी तीन महिने.

“म्हणजे पास व्हायला गप्प बसायचं?” रविवारी सगळं ऐकून बायको म्हणाली. “मग तुम्ही कसे नापास झालात? माझ्यासमोर तर चोवीस वर्षं गप्पच आहात.”

“गप्प बसायचं, पण आधी सगळं लिहून ठेवायचं. एक अक्षर डोक्यात ठेवायचं नाही.”

“आईंना चालली नसती हो ही परीक्षा.”

तो हसला. पण त्या रात्री त्यानं नवीन वही काढली आणि पहिल्या पानापासून पुन्हा लिहायला घेतलं. कागदावरच, कारण सर सांगायचे की सर्व्हर बंद पडल्यावर सर्व्हरमध्ये ठेवलेली वही कोण वाचणार? आणि लिहिता लिहिता त्याचं काहीतरी सैल झालं. चोवीस वर्षं बांधून ठेवलेलं गाठोडं सुटावं तसं झालं. फक्त बटणं आणि आज्ञाच नाही, त्यानं सगळं लिहिलं. शुक्रवारी साफसफाईवाली मावशी व्हॅक्यूम लावायला सर्व्हरचा प्लग काढते, म्हणून प्लगला लाल चिकटपट्टी लावावी आणि मावशीला आधी चहा विचारावा, मग सांगावे. एकाच नावाच्या दोन इमारती आहेत, एकीच्या गच्चीवर पाण्याची टाकी निळी, दुसरीची काळी, तक्रार आली की आधी टाकीचा रंग विचारावा. असं करत करत पायऱ्या एकशे बेचाळीस झाल्या.

शेवटची, एकशे बेचाळिसावी पायरी, नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं नाव डेटाबेसातून काढायची होती. एकदा एक मेकॅनिक पाय मोडून घरी होता आणि कोणीतरी त्याला गेलेला समजून त्याचं नाव उडवलं होतं. तो परत आला तर संगणक त्याला ओळखच दाखवेना. आठ दिवस बिचारा आपल्याच कंपनीत परका होऊन फिरला. म्हणून जंत्रीनं लिहिलं, ‘नाव काढण्यापूर्वी उठून त्या माणसाची खुर्ची जाऊन बघावी. खुर्चीवर माणूस असेल तर नाव काढू नये.’

“काका, असं कुठल्याही पुस्तकात नाही,” सर वाचून हसले. मग पान उलटत म्हणाले, “राहू द्या. बरोबर आहे.”

डुलकीला त्या तीन महिन्यांत त्यानंच तयार केलं. तिचीही परीक्षा राहिली होती. त्याच्या वहीची झेरॉक्स तिनं मागून घेतली, तिच्यावर रंगीत रेघा मारल्या. फक्त एका दिवशी त्यानं तिला ढोसलं नाही. त्या दिवशी सर रिकाम्या जागांबद्दल सांगत होते. तारखेच्या रकान्यात काही भरलंच नसेल, तर ती जागा संगणकाला जुनीही वाटत नाही आणि नवीही. ‘सहा महिन्यांपेक्षा जुन्या तारखा दाखव’ म्हटलं, की तो रिकामी जागा गुपचूप सोडून देतो आणि तुम्हाला सांगतही नाही. डुलकी त्या दिवशी दोन पाळ्या करून आली होती. तिच्या ओठांच्या कडेला लाळ आली होती. जंत्रीला तिला उठवणं जिवावर आलं.

दुसऱ्या मुक्या परीक्षेत एका पोस्टातल्या माणसानं त्याची वही वाचून सगळं काम सुरळीत केलं. जंत्री हात मागं धरून पाऊण तास उभा होता आणि तोंड उघडायची वेळच आली नाही. दाराबाहेर आल्यावर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढा आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता, हे त्यानं बायकोला अर्थातच सांगितलं नाही.

इथवर ठीक होतं. पण माणसाचं सुख अंगी लागू द्यायचं नसलं, की दैव त्याला शहाणपण सुचवतं. जंत्रीला वाटलं, आपण काय केलंय ते साहेबांना दाखवावं. सर्टिफिकेट काय, कोणीही आणतं. वही दाखवावी. त्यानं साहेबांना आणि चार माणसांना खोलीत बोलावलं, स्वागतकक्षातल्या मुलीला सर्व्हरसमोर बसवलं, तिच्या हातात वही दिली आणि स्वतः हात मागं धरून उभा राहिला. त्या मुलीनं आयुष्यात फोन उचलण्यापलीकडं काही केलं नव्हतं. तिनं वीस मिनिटांत बॅकअप घेतला, तो परत चढवून दाखवला, वर साफसफाईवाल्या मावशीला चहासुद्धा विचारला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब वही चाळत होते. “म्हणजे जंत्री, हे आता कोणीही करू शकेल?”

“कोणीही, साहेब!” जंत्री छाती फुगवून म्हणाला. “रस्त्यावरून कोणालाही बोलवा.”

साहेब मान हलवत राहिले. त्यांनी वही वाचायला म्हणून घरी नेली.

पाच आठवड्यांनी पत्र आलं. भाषा फार गोड होती. आपल्या प्रदीर्घ सेवेबद्दल कंपनी ऋणी आहे. डेटाबेसचं काम आता बाहेरच्या एजन्सीकडं सोपवण्यात येत आहे, एजन्सीचा माणूस आठवड्यातून दोनदा येईल. महिनाअखेरीस कार्यभार द्यावा.

“साहेब, तुम्ही म्हणाला होतात,” जंत्री साहेबांच्या टेबलापुढं उभा राहून म्हणाला.

“म्हणालो होतो ना. नाही कुठं म्हणतोय?” साहेब खरोखरच दुःखी दिसत होते, आणि जंत्रीला त्याचाच जास्त राग आला. “पण वरच्यांनी तुमची वही बघितली. म्हणाले, इतकं सगळं लिहिलेलं असताना पूर्ण वेळचा माणूस कशाला? मी काय बोलणार? तुम्हीच तर दाखवून दिलंत.”

हातच्या कंकणाला आरसा कशाला! जंत्री खाली आला. आपल्या खुर्चीवर बसला. खुर्ची साधीच होती, एक चाक अडकायचं. ती मिळून त्याला जेमतेम दोन महिने झाले होते.

घरी बायको जागी होती. पत्र वाचून तिनं घडी केली, पुन्हा उघडलं, पुन्हा घडी केली.

“वही कुठंय?”

“ऑफिसात.”

“एक पान फाडा.”

“काय?”

“एकच पान. अधलंमधलं. मग बघा, महिन्याभरात हात जोडत येतात की नाही दारात.” तिचा आवाज चढला होता, तिचा आवाज कधी चढत नसे. “आईंना मी आयुष्यभर कंजूष म्हटलं. मनातल्या मनात, पण म्हटलं. शहाणी होती बाई. तुम्हाला सगळं जगाला वाटायचं होतं! दहा महिने मी ओट्याशी बोलत बसले, ते ह्यासाठी?”

जंत्रीनं पान फाडलं नाही. फाडायला हात झाला नाही, एवढंच, त्यात मोठेपणा काही नव्हता. आपल्या हातानं केलेल्या चांगल्या कामाला नख लावणं सोपं नसतं. पण त्या दिवसापासून त्यानं वहीत एक ओळही नवीन लिहिली नाही.

आणि लिहिण्यासारखं काही घडलं नाही, असं नाही. पत्र आल्याच्या दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यातली एक लिफ्ट दुसऱ्या कंपनीकडून त्यांच्याकडं आली. स्ट्रेचर जाईल एवढी मोठी, जुनी लिफ्ट. आधीच्या कंपनीनं कागद दिले नाहीत, त्यामुळं दोर शेवटचा कधी तपासला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तारखेचा रकाना रिकामा राहिला. दर महिन्याला दोर तपासायच्या लिफ्टची यादी निघायची ती तारखेवरून. रिकाम्या तारखेची लिफ्ट त्या यादीत कधीच येणार नव्हती, ह्या महिन्यात नाही, पुढच्या वर्षीही नाही. जंत्रीनं ते पाहिलं. पाहिलं आणि वही मिटून ठेवली. पान फाडणं वेगळं आणि न लिहिणं वेगळं, अशी त्यानं मनाची समजूत घातली. एक ना एक दिवस कोणाच्या तरी लक्षात येईल, घोटाळा होईल, आणि मग फोन वाजेल. ‘जंत्री, जरा येता का?’ तो फोन त्यानं मनात किती वेळा उचलला, त्याला मोजदाद नव्हती.

शेवटच्या दिवशी सकाळी साहेब एजन्सीच्या माणसाला घेऊन खोलीत आले. माणूस म्हणजे डुलकी होती.

तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“तुमची ओळख आहे?” साहेबांनी विचारलं. “उत्तमच! मग तर काम सोपं. आणि जंत्री, तुम्ही काही समजावत बसू नका. एजन्सीची अट आहे, वहीवरून काम झालं पाहिजे, तरच ते सही करणार. तुम्ही नुसते उभे राहा.”

साहेब गेले.

“दादा, शपथ सांगते, मला काल रात्री पत्ता कळवला,” डुलकी म्हणाली. “लिफ्ट कंपनी एवढंच म्हणाले. मी नाही म्हटलं असतं, पण...”

“नाही म्हणून कसं चालेल? दुसरा कोणीतरी आला असता. तो पायऱ्या गाळत बसला असता. बसा.”

ती सर्व्हरसमोर बसली. तिच्या पिशवीतून वहीची जुनी झेरॉक्स निघाली, रंगीत रेघांची; ती बाजूला ठेवून तिनं टेबलावरची मूळ वही उघडली. जंत्री भिंतीशी उभा राहिला आणि त्याचे हात सवयीनं मागं गेले. ती चांगलं काम करत होती. नावं दोनदा वाचत होती. लाल चिकटपट्टी बघून तिनं मान डोलावली. जंत्रीनं शिकवलेलं एकेक जंत्रीसमोर उतरत होतं. परीक्षा असती तर त्याला अभिमान वाटला असता.

दुपारी ती एकशे अठराव्या पायरीवर आली. महिन्याची दोर तपासणीची यादी. तिनं आज्ञा दिली, यादी पडद्यावर आली, तिनं ती वरपासून खालपर्यंत पाहिली.

“झालं,” ती म्हणाली आणि वहीवर बरोबरची खूण करायला पेन उचललं.

जंत्रीनं यादी पाहिली. डोळ्यांचा दवाखाना त्यात नव्हता. बोलायचं काहीच कारण नव्हतं. बोलू नका, असं साहेबांनीच बजावलं होतं. वहीत नाही ते खरं नाही, असं सरांनी शिकवलं होतं. सगळं जग त्याला गप्प राहा म्हणत होतं, आणि गप्प राहण्यातच त्याचा फायदा होता. त्यानं ओठ मिटून धरले. मग त्याला ती लिफ्ट दिसली. नव्या कराराचे कागद घ्यायला तो स्वतःच गेला होता. दार उघडलं तेव्हा आत चार जण होते, चौघांच्याही एका डोळ्यावर पट्टी, आणि एक म्हातारी त्याला दवाखान्याचा माणूस समजून त्याचा दंड धरून विचारत होती, “आला का हो मजला?”

डुलकीच्या पेनानं कागदाला स्पर्श केला.

“थांबा!” जंत्री म्हणाला. आवाज त्याला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. “एक लिफ्ट राहिली. तारखेचा रकाना रिकामा आहे तिचा.”

डुलकीनं वळून पाहिलं. हळूहळू तिच्या ध्यानात येऊ लागलं.

“ह्या वहीत नाही हे,” ती म्हणाली.

“नाही.”

“तुम्ही विसराल असं नाही, दादा.”

“विसरलो नाही.”

जंत्रीनं तिच्या हातून वही घेतली, आपल्या खुर्चीवर जाऊन बसला, चष्मा लावला. एकशे अठराव्या पायरीखाली समासात जागा होती. त्यानं सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘रिकाम्या तारखांची यादी वेगळी काढावी. त्या लिफ्ट सर्वांत आधी तपासाव्यात.’ खाली दवाखान्याचं नाव लिहिलं आणि मेकॅनिकला फोन लावून उद्या सकाळीच तिथं जायला सांगितलं. फोन ठेवला तेव्हा त्याला हलकं वगैरे काही वाटलं नाही. आता कोणीही आपल्याला बोलावणार नाही, हे मात्र स्वच्छ कळलं. मूठ पूर्ण उघडली होती, आणि आत काही राहिलं नव्हतं.

“सर असते तर म्हणाले असते, काका, नापास,” डुलकी म्हणाली. हसायचा प्रयत्न केला तिनं, पण तो जमला नाही.

“त्या दिवशी तुम्हाला उठवायला हवं होतं मी,” जंत्री म्हणाला. “चला, उरकून घ्या.”

तो खुर्चीवरच बसून राहिला. तिनं उरलेल्या पायऱ्या केल्या. पाच वाजत आले. शेवटचं पान उघडून तिनं एकशे बेचाळिसावी पायरी वाचली आणि तिची बोटं थांबली. साहेबांनी दिलेल्या कागदावर काढायचं एकच नाव होतं. ते जंत्रीचं खरं नाव होतं, पगाराच्या पावतीवरचं. बाकावर इतके महिने शेजारी बसून तिनं ते कधी ऐकलंही नव्हतं.

“हे तुम्ही का?” तिनं विचारलं.

“मीच.”

तिनं ते नाव पडद्यावर शोधलं, निवडलं. मग कळफलकावरून हात काढून घेतले आणि वही उचलून मोठ्यानं वाचलं, “‘नाव काढण्यापूर्वी उठून त्या माणसाची खुर्ची जाऊन बघावी.’” ती उठली. तीन पावलं चालून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “‘खुर्चीवर माणूस असेल तर नाव काढू नये.’” तिनं वही खाली केली. “माणूस आहे, दादा. वहीप्रमाणं मला पुढं जाता येत नाही.”

बाहेर कोणीतरी जिन्यावरून हसत खाली गेलं. जंत्री बसून राहिला असता, तर ती रात्रीपर्यंत तशीच उभी राहिली असती, याबद्दल त्याला शंका नव्हती.

“लिहिलंय मात्र बरोबर,” तो म्हणाला.

तो उठला. टेबलाखालची डब्याची पिशवी घेतली. अडकणारं चाक पायानं सरळ करून त्यानं खुर्ची टेबलाखाली सारली, रोज संध्याकाळी सारायचा तशीच, आणि दोन पावलं मागं सरकला.

“आता बघा,” तो म्हणाला, आणि दाराकडं निघाला.